दरीवरचा पाळणा

तीर्थस्वरूप इहसानदादास,

धाकट्या गुलिझारचा सलाम. तुझा गुडघा कसा आहे? बुर्साच्या सपाट रस्त्यांवरही दुखतो म्हणजे कमालच झाली! इथे आर्तविनच्या डोंगरात आमचा एक पाय कायम दुसऱ्याच्या वर, तरी तक्रार नाही. जमालचं नाव पत्रात काढायचं नाही अशी तुझी ताकीद आहे, म्हणून काढत नाही. (तो अंकाराला मजेत आहे. सख्ख्या भावांनी सहा वर्षं बोलू नये, याबद्दलही मी काही लिहीत नाही.)

दादा, आमच्या सेवदाचं लग्न ठरलं! शेजारच्या दुरसुनच्या कादिरशीच. पोरीने त्याच्यापायी चार स्थळं परतवली आणि या वसंतात तर जेवणच सोडलं. पण मागणी घालायला मुलाच्या बापाने यायला हवं, आणि दुरसुन काही आमचा उंबरा चढेना. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या मेहुण्यांच्या मधमाश्या उठल्या आणि दुरसुनने मधासाठी झाडावर टांगलेल्या पोकळ ओंडक्यात जाऊन बसल्या, तेव्हापासूनचा अबोला. वरच्या खिंडीत जॉर्जियाचे शिपाई आपल्या शिपायांना हात करतात, पण हे दोघे एकमेकांना बघून खोकतसुद्धा नाहीत.

परवा दोघेही बाजारातून एकाच गाडीने परतले. रस्त्यापासून आपल्या अंगणापर्यंत तारेवरून पाळणा, मोटर माझ्या हाती. मी पलीकडे ओरडले, डिझेल एकाच खेपेपुरतं आहे, काय ते ठरवा! बसले बापडे, पाठीला पाठ लावून. आणि ऐन दरीच्या मध्यावर मोटर बंद! खाली नदी, वर पावसाची भुरभुर. सगळं गाव चहाचे पेले घेऊन कठड्याशी जमलं. (आपल्या दरीत कुजबुजलेलंही ऐकू येतं, तुला ठाऊक आहे.) तासभर दोघे तसेच भिजत बसले. मग नऊ वर्षांतला पहिला शब्द दुरसुन बोलला, "सरक जरा."

यांच्याकडे मक्याची भाकरी, त्याच्याकडे न खपलेला मध. भुकेपुढे कुणाचं चालतं? यांनी बोट चाटलं नि गरजले, "हा माझ्याच माश्यांचा मध!" दुरसुन म्हणाला, "मग खा ना मेल्या, तुझाच आहे तर!" दोघे असे हसले की पाळणा हिंदकळला आणि बायका किंचाळल्या. हसता हसता दुरसुनचे डोळे भरून आले, आणि त्याने तिथेच, अल्लाचं नाव घेऊन, सेवदाला रीतसर मागणी घातली. हे म्हणाले, "दिली. आधी तो डबा इकडे कर." आणि काय सांगू, मोटर आपोआप सुरू झाली! सेवदाने त्या दिवशी पाच भाकऱ्या खाल्ल्या. मी मात्र रडत बसले, आनंदाने.

गवत कापून झालं की लग्न. तू यायचंच.

तुझी,
गुलिझार

ता. क. मोटर ठणठणीत आहे. चावी माझ्या एप्रनच्या खिशात होती. तुझे मेहुणे याला देवाची करणी म्हणतात, तेव्हा हे पत्र फाडून टाक.

आणखी एक: लग्नाला जमालही येतोय, तुझ्याच गाडीने. पाळण्यात दोघे ऐसपैस मावतात. लोकरीची बंडी घालून ये. भाकरी पाळण्यात तुझ्या बाजूला ठेवते, मध त्याच्या.