कोयत्याचं ताक

केळशी, २७ ऑक्टोबर १९८८

चि. हिरास आत्या येसूचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझा बापूस गणपतीत कंपवाताच्या गोळीवर कसा उठला होता, तू बघून गेलीस. जाळी दुरुस्त करायचा, वर माझ्या भाकरीला नावं ठेवायचा. नवरात्र बसल्यापासून परत लाकूड झालाय. कूस बदलायला मी लागते. तोंड असं, की ह्या घरात भाड्याने राहिलाय.

गोळी मी चुकवत नाय. उलट जास्त करते. तुझा बापूस सुका अशक्त दिसला, म्हणून घटस्थापनेपासून आपल्या आईचा उपाय धरलाय. कोयता लालभडक तापवायचा, ताकात विझवायचा. बाळंतिणी त्यावर उभ्या राहायच्या, हा तर बाप्या. गोळी गिळत नाय, ती त्यातच कुटून घालते. घटकाभरात ताक काळपट हिरवं होतं. अर्क उतरतो बघ.

काल त्याला चिडवला, म्हटलं सोयरीक आलीय तुला. डोळासुद्धा हलवला नाय. तेव्हा मला भ्या वाटलं गं. तू औषधांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतेस की काय करतेस देव जाणे, पण डॉक्टरला विचार, गोळी जुनी झाली काय.

माया आहे ती वाढव.
तुझी आत्या येसू

परळ, ३ नोव्हेंबर १९८८

ती. गं. भा. येसूआत्यास हिराचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळताच ते ताक बंद कर. बाटल्या मी धुवत नाही, औषधं तपासते, म्हणून सांगते.

लोखंड त्या गोळीला कपातच धरून ठेवतं. काळपट हिरवं झालं ते औषध वाया गेलेलं. बाबांच्या मेंदूत एक छोटी काळसर जागा आहे. हातपाय हलवणारं द्रव्य तिथे तयार होतं, ते कमी पडलं म्हणून ही गोळी. ते कच्च्या केळ्याच्या कापासारखं, हवेने काळं पडणारं. लोखंड लागलं की आणखी लवकर. ह्या आजाराच्या माणसांत त्या जागी लोखंड जास्त सापडतं म्हणतात, पण त्याने आजार होतो की आजाराने ते साठतं, कुणाला ठाऊक नाही. ताकातलं लोखंड तिथे पोचलं असं मात्र मनात आणू नकोस.

गोळी नुसत्या पाण्यातून, जेवणाआधी. डबल देऊ नकोस. डॉक्टर बोलले, तरीही बाबा उठले नाहीत तर आजार गोळीच्या पुढे गेला असं धरावं लागेल. मला झोप नाही. लगेच लिही.

रागावले तरी तुझीच,
हिरा

केळशी, १४ नोव्हेंबर १९८८

चि. हिरास आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र आलं त्या दिवशीच कोयता माळ्यावर टाकला. पहिले काही दिवस काय फरक नाय. मी रोज पाण्यातून गोळी देत होते आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. माझ्याच हाताने भावाला आडवा केला, हे कुणाला सांगू? फराळसुद्धा तळला नाय.

आज आडावरून आले तर अंथरूण रिकामं. घागर तिथंच टाकली. सगळं घर धुंडाळलं, तर हा चुलीपाशी उकिडवा, स्वतःचा चहा करतोय. निम्मा राखेत. बोलला, तुझ्या हातचं आता काय पिणार नाय. मी पदर तोंडाला लावला, तर बोलतो, धूर फार झाला काय.

दुपार कलली की परत ताठतो, ते लपवत नाय. हातही कापतो. पण तुला स्वतः लिहीन बोलला. खाली बघ. पहिला शब्द मोठा, मग मुंगीएवढी अक्षरं. शेवटचा मला लागत नाय, पण लिहिताना तो तुझंच नाव घेत होता.

आठवण धर, आणि येऊन जा.
तुझी आत्या येसू

बरा हाय. तू ये. हि