तुरीच्या मुळाला गाठी

१८ जून
तांड्याच्या समाजमंदिरात प्रशिक्षण. कृषी सहायक रुपाली मॅडम म्हणाल्या, या पाकिटात जिवाणू आहेत. गुळाच्या पाण्यात कालवून तुरीच्या बियाण्याला चोळायचे, मग ते मुळाशी राहून झाडाला हवेतलं नत्र देतात. एका पाकिटात कोट्यवधी. पाकीट हातोहात फिरत माझ्याकडे आलं. मी लगेच हात धुवायला गेलो. नळ कोरडा, हापशीवर जाऊन यायला अर्धा तास लागला. आलो तर चहा सुरू झाला होता. महत्त्वाचं काही राहिलं नसावं.
प्रयोगाला शेत कोण देतं, असं विचारल्यावर सगळ्यात आधी माझा हात वर. भीती अजिबात वाटली नाही.

१९ जून
भीती वाटते. पाकीट घरात नको म्हणून कडुलिंबाला टांगलं.
बियाणं बायकोचं, उज्ज्वलाचं. तिच्या आईची, जमनीबाईंची, लाल तूर. सासूबाई गेल्या, तूर राहिली. राख घालून मडक्यात ठेवलेली, दुसऱ्या कोणाकडे नाही. उज्ज्वला म्हणे, ‘हे गेलं तं मायच्या हातची चव गेली. बजारात नाही भेटत.’ मी शब्द दिला. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. मडकं देताना दोनदा मागे घेतलं, पण ते सहज.

२६ जून
बीजप्रक्रिया. माझ्या नाकाला रुमाल, दोन्ही हातांना पिशव्या. उज्ज्वलानं उघड्या हातानं कालवलं आणि हात धुवून भाकरी थापल्या. एकदाच धुतले. मी उपवास धरला. चार वाजता सोडला.

५ जुलै
उगवण झकास. जिवाणूंची भीती कायमची गेली. संकल्प: हात दिवसातून फक्त सहा वेळा धुवायचे.

२३ जुलै, सकाळी ७
सहज एक रोप उपटून बघितलं. मुळाला गाठी. लम्पीच्या साथीत आमच्या गोऱ्ह्याच्या अंगावर अशाच गाठी उठल्या होत्या. आठव्या दिवशी गेला.

सकाळी ९
दुसरं उपटलं. गाठी. तिसरं, गाठी. उज्ज्वला दारव्ह्याच्या बाजारात. फोन करून तिला घाबरवायचं नाही. आजारी झाडं काढायची, निरोगी वाचवायची. उपटल्याशिवाय कळत नाही, एवढीच अडचण.

दुपारी २
निम्मं शेत तपासलं. निरोगी एकही नाही. हात नऊ वेळा धुतले.

सायंकाळी ५
सगळं तपासलं. शेतात आता रोग नाही. झाडं ओली, पेटेनात. डिझेल ओतलं. नमुन्याला एक ठेवलं.

२४ जुलै
मॅडम आल्या. नमुना काठीवर धरून दाखवला. त्यांनी नखानं गाठ फोडली. आतून गुलाबी. म्हणाल्या, हेच तर जिवाणूंचं घर, प्रशिक्षणात सांगितलं होतं ना. इतक्या भरगच्च गाठी तालुक्यात बघितल्या नाहीत, बाकीचं शेत दाखवा.
मी राख दाखवली.
उज्ज्वला उभी होती. तिनं बियाण्याचं रिकामं मडकं आणून माझ्यापुढे ठेवलं. इतकी भीती मला कोट्यवधी जिवाणूंचीही वाटली नव्हती.

२७ जुलै
उज्ज्वला त्या दिवसापासून बोलत नाही. सासूबाईंच्या फोटोकडे बघवत नाही. जेवताना मीच विचारलं, आता काय करायचं. ती उठली, घरामागं घेऊन गेली. गोठ्याच्या भिंतीला लाल तुरीची अकरा झाडं. म्हणे, ‘मूठभर मांगं ठेवलती मी. तुमचा भरोसा नव्हता मले.’
मला रडू आलं. डोळे पुसून सांगितलं, यांची राखण आता माझ्याकडे. रोज एक तपासत जाईन.
ती म्हणे, ‘तुम्ही हातच नका लावू.’

२८ जुलै
सकाळी उठलो तर झाडांना बाभळीच्या काट्यांचं कुंपण. शेळ्यांसाठी, असं ती सांगते. शेळ्या ओढ्याकडून येतात. काटे माझ्या खाटेच्या बाजूनं आहेत.