आषाढात कुत्रा सुकवणं

मा,

परवा मुंबईहून तुझ्या पणतीचा फोन आला. तिनं कुत्रा पाळलाय, आणि पाऊस सुरू झाल्यापासून त्याला असा वास मारतो की शेजारी जिना चढताना नाक धरतात. रोज साबण लावून आंघोळ घालते म्हणाली, तरी तेच. मी म्हटलं, बये, आंघोळ कमी कर आणि सुकवायचं बघ. दमट हवेत कुत्रा मळानं कमी आणि ओला राहिल्यानं जास्त वास मारतो. 'नानी, तुला हे कुणी शिकवलं?' तिनं विचारलं. 'माझ्या आईनं,' मी म्हटलं, आणि मला असं हसू फुटलं की फोन सुनेच्या हातात द्यावा लागला. कुत्रा दिसला की ओढणी आवळून रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जाणारी तू, आणि तुझ्या नावावर ही विद्या. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मीच तुझ्याहून मोठी आहे, तेव्हा थोडी थट्टा केली तर चालवून घे.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झालेली. बाबा शिडाच्या मचव्यावर तांडेल होते, खलाशांचे म्होरके. मंगळूरची कौलं मुंबईला आणि मुंबईचा माल आमच्या रत्नागिरीच्या खाडीत, असा त्यांचा वर्षभराचा फेरा. पावसाळ्याच्या तोंडाशी सगळे मचवे किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांनी शाकारले जायचे, आणि माणसं नारळी पौर्णिमेपर्यंत घरी. त्या वर्षी बाबा आले ते एका खांद्यावर शीड आणि पायाशी कुत्रा घेऊन. मंगळूरला कौलं भरताना तो आपणहून फळीवरून वर चढला होता आणि वर्षभर मालाची राखण करत मचव्यावरच राहिला होता. पिवळट अंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव नव्हतं, बाबा त्याला नुसतं 'गड्या' म्हणायचे. मी त्याला पाहिलं आणि त्यानं मला, आणि आमचं दोघांचं तिथल्या तिथे जमलं. तू मात्र उंबऱ्यावर परात आडवी धरून उभी राहिलीस.

"ह्याला कुठं आणलाव?" तू विचारलंस.

"सगळा साल राखण केलान त्यानं," बाबा म्हणाले. "पावसात ह्याला किनाऱ्यावर टाकू काय? तीन महिने पडवीत राहील. शिडं आन दोर हायत, त्यांची राखण करील."

"माझ्या घरात नमाज होते. ओला कुत्रा अंगाला लागला तर सात पाण्यानं धुवायचा, त्यातला एक पाणी मातीचा. पावसात मी धूत बसू काय दिवसभर?"

मग तुमच्या दोघांत तह झाला. आठ दिवस बघायचं. त्याचा वास आला नाही, तुझ्या धुतल्या कपड्यांना तो लागला नाही, तर राहील. नाहीतर सावर्ड्याच्या एका लाकूडवाल्याला वखारीवर कुत्रा हवा होता, त्याची लॉरी आली की हा तिच्यात. सावर्डं मला तेव्हा मक्केइतकं लांब वाटायचं.

आता बाबा आणि मी मिळून काय शहाणपणा केला तो तुला ठाऊक आहेच, पण मला पुन्हा सांगायचाय, कारण सांगताना अजून मजा येते. तुझ्या तोंडून सात पाणी ऐकलं होतं. सकाळच्या मदरशातही तेच शिकले होते, की कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवायचं, एकदा माती लावून. मी म्हटलं, बाबा, धुतलं की भांडं पाक, शुद्ध होतं, तर कुत्रा का होणार नाही? बाबांना ते पटलं. वादळात मचवा हाकणारा माणूस, पण मजहबाच्या बाबतीत माझ्याच इयत्तेतला. दुसऱ्या दिवशी उघडीप होती. आम्ही गड्याला परसातल्या फणसाला बांधतो. बाबा घागरीनं पाणी ओततात, मी मोजते. पहिलं, दुसरं, तिसरं. रिठ्याचा फेस करून बाबा त्याला पोटापर्यंत चोळतात, आणि हा पठ्ठ्या डोळे मिटून उभा, जणू हमामात आलाय. सहा पाणी झाली तेव्हा आठवलं की माती राहिली. मग सातव्या पाण्यात मी जांभ्याची तांबडी माती कालवली, चांगली मुठी मुठी, आणि ती त्याच्या अंगावर ओतली. पिवळा कुत्रा कौलासारखा लाल झाला. मी दोरी सोडली, 'पाक झाला' म्हणून टाळ्या पिटल्या, आणि तो सरळ तुझ्या दोरीवरच्या कपड्यांपाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं.

तुझी नमाजाची पांढरी चादर, बाबांचा सदरा, माझे फ्रॉक, सगळ्यांवर तांबडे ठिपके. तू परसदारी आलीस. आधी चादरीकडे पाहिलंस, मग गड्याकडे, मग बाबांकडे. बाबांच्या हातात अजून रिकामी घागर. "काय केलाव ह्यो?" एवढंच तू विचारलंस, आणि मी अभिमानानं सांगितलं की सात पाणी झाली, कुत्रा आता पाक आहे. तू पदर तोंडाला लावून आत गेलीस. मला वाटलं रडायला गेलीस. डोकावले तर चुलीपाशी तू भिंतीला टेकून हसत होतीस, इतकी की भात उतू गेला तरी उठवेना. पण बाहेर आलीस ती चेहरा पुसून, कडक होऊन. म्हणालीस, कपडे तुम्ही दोघं धुवायचे, सात वेळा, आणि मातीचं पाणी पहिल्यांदा घ्यायचं, शेवटी नाही.

संध्याकाळी बाबा मशिदीत मौलवीसाहेबांकडे जाऊन आले. ते म्हातारे गृहस्थ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले म्हणे. मग म्हणाले, कुत्रा लागेल ते धुवायला सांगितलंय तांडेल, कुत्र्याला धुवायला नाही. समुद्र ओतलात तरी कुत्रा तो कुत्राच. पण राखणीला ठेवायला हरकत नाही, आणि सुका कुत्रा सुक्या कपड्याला लागला तर काही बिघडत नाही. बाबा हे सांगत आले तेव्हा खुशीत होते. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "आषाढात रत्नागिरीत मीठ सुका राहात नाय, तुमचा कुत्रा कुठून राहील?"

आणि खरंच, पुढचे दिवस वाईट गेले. पाऊस लागला तो थांबेना. आम्ही तुला दाखवायला म्हणून त्याला रोज न्हाऊ घालत होतो, आणि गोणपाटानं पुसून पडवीत बांधत होतो. पण त्या हवेत पुसून काय होणार? पोटाखाली, काखेत तो ओलाच राहायचा. वास वाढला. तो दिवसभर खाजवू लागला, मानेचे केस गेले, कानात गोचीड झाले. लॉरी पुढच्या आठवड्यात येणार असा निरोप आला तेव्हा मी जेवले नाही. तू दारात उभी राहून त्याच्याकडे बराच वेळ बघत होतीस.

मग तू शेगडी काढलीस. तीच, जी बाळंतिणीच्या खोलीत असायची, माझ्या धाकट्या भावाला न्हाऊ घातल्यावर जिच्यावर तू त्याला धुरी द्यायचीस आणि पालथ्या टोपलीवर त्याची दुपटी सुकवायचीस. निखारे घातलेस, वर कडुनिंबाचा पाला आणि चिमूटभर लोबान. ती पडवीच्या टोकाला ठेवलीस आणि तिथूनच मला हुकूम सोडू लागलीस. "जवळ आण. तेवढा नको, भाजेल. आता पोट शेक त्याचा. कान उलट." गोचीड काढून करंजाचं तेल लावायला लावलंस. आंघोळ आठवड्यातून एकच, तीही उघडीप बघून. बाकी दिवस कोरड्या राखेनं चोळून ब्रशानं झाडायचं, संध्याकाळी धुरी. तू सगळं हातभर लांबून करवलंस, लांब काठीनं शेगडी पुढेमागे सारत. आणि तो काय करायचा, तर संध्याकाळच्या, मगरिबच्या बांगेआधी स्वतःच जाऊन शेगडीच्या जागी बसायचा आणि तुझी वाट बघायचा. उशीर झाला तर एकदाच भुंकायचा.

लॉरी आली तेव्हा बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू तांदूळ निवडत होतीस. "त्याला सांगा, आमच्याकडं कुत्रा नाय," तू म्हणालीस. शेपटी हलवणारा तो एवढा मोठा पुरावा पडवीत बसलेला असताना. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी पावसात धावत मचव्यांपर्यंत जाऊन आले, उगाचच. त्यानंतर आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा म्हणायचा की ह्या पडवीत लोबानाचा वास येतो, कुणी बाळंत झालंय का. बाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, होय, आणि गड्याकडे बोट दाखवायचे.

पण मी हे सगळं लिहायला बसले ते दुसऱ्याच एका सकाळसाठी. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, मचवा पाण्यात उतरला होता आणि भरतीबरोबर निघायचं होतं. बाबांनी गड्याला न्यायला मला घरी पिटाळलं. मी परसदारी आले तर तू विहिरीपाशी भांडी घासत होतीस. भुरभुर पाऊस पडत होता. गड्या नखशिखांत भिजलेला, तुझ्यासमोर उभा. तू इकडेतिकडे पाहिलंस. मी दाराआड होते. मग तू तुझा ओला हात त्याच्या ओल्या डोक्यावर ठेवलास. कानामागे खाजवलंस. काहीतरी बोललीस, ते मला ऐकू आलं नाही. मग उठून केळीच्या बुंध्याशी गेलीस, माती घेतलीस, हात चोळलेस, आणि तोटीच्या लोट्यानं एकेक पाणी घेत सातही पुरी केलीस. परत आलीस तर तो तिथेच. तू पुन्हा हात ठेवलास. पुन्हा माती, पुन्हा सगळी पाणी. तिसऱ्या वेळी मात्र तू खालीच बसलीस, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलंस, आणि धुवायची काही घाई केली नाहीस.

खाडीवरून बाबांच्या हाका येत होत्या. गड्या कुठंय, भरती चाललीय. हे पत्र टाकायला कुठला पत्ता नाही, ते घडी करून इथेच राहील. पण एवढं सांगून टाकते, मा: मी सगळं पाहत होते, आणि बाबांच्या हाकांना दाराआडूनच 'आणते, आणते' असं पुटपुटत होते, आणि जागची हलत नव्हते.