वीस मिनिटं स्वस्थ पडून राहणे

४ मार्च, सकाळी ७
वजन ९४. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत आठ किलो उतरवा, हृदयावर ताण येतोय. त्यांना शांतपणे समजावलं की मी खातोच किती? माझा मेटाबोलिझम मंद आहे. घराण्यातच आहे. दादा काडीसारखा होता, हे सांगायची गरज वाटली नाही. ते म्हणाले, मग मोजूनच घ्या. क्लिनिकमध्ये मशीन आलंय. नुसतं पडल्यापडल्या शरीर किती कॅलरी जाळतं ते कळतं. वीस मिनिटं स्वस्थ पडायचं, बस.
पडून राहण्यात माझा हात कोण धरणार? परवाची वेळ घेतली. आकडा एकदा हातात येऊ दे, हिचं बोलणंच बंद होईल.

६ मार्च
काल रात्रीपासून कडकडीत उपास. अर्धा ब्रेड खाल्ला, पण तो बीपीच्या गोळीसाठी.
टेक्निशियन मुलगी चुणचुणीत आहे. कॉटवर निजवलं, डोक्यावर प्लास्टिकचा पारदर्शक घुमट ठेवला, त्याला एक नळी. म्हणाली, काका, हलायचं नाही, बोलायचं नाही, झोपायचंही नाही. कसला विचारसुद्धा करू नका.
चौथ्या मिनिटाला घुमटाच्या आत, अगदी कानाशी, कोणीतरी विचारलं, झालं का रे जेवून?
आवाज दादाचा. दादाला जाऊन अकरा महिने झाले.
मी घाबरलो वगैरे नाही. फक्त उठून बसलो. नळी निघाली, टेस्ट बाद. मुलीला सांगितलं, पायात गोळा आला. उपाशीपोटी असे भास होतात, त्यात विशेष काही नाही. खबरदारी म्हणून बाहेर पडताच दोन ऑम्लेट खाल्ली.

९ मार्च
वजन ९४.७. काटा फरशीच्या फटीवर होता.
दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासतो. मशीनच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही. आज जेवणाच्या सुट्टीतही चालू ठेवलं. मालक म्हणाले, काच नाही तर काय घासताय? सांगितलं, गरम ठेवतोय.
घरी ही म्हणाली, तुम्ही पंखा, रेडिओ, टीव्ही सगळं एकदम लावता, आणि जरा शांत झालं की फ्रीज उघडता. भाऊजी गेल्यापासून दहा किलो वाढलात.
हिला शास्त्र कळत नाही.

११ मार्च, सकाळी ६.३०
सराव. सोफ्यावर पडलो, घड्याळ लावलं. तीन मिनिटं उत्तम. मग एक काम आठवलं. कोणतं ते आता आठवत नाही, पण जाता जाता केक संपवला. शिळा होत होता.
निश्चय: परवा काहीही ऐकू आलं तरी उठायचं नाही.

१३ मार्च
उठलो नाही. निश्चय म्हणजे निश्चय.
तरी टेस्ट बाद. मुलगी म्हणाली, काका, तुमचे आकडे जिना चढल्यासारखे वर गेले. ओठही हलत होते. सांगितलं, श्वास मोजत होतो.
तिने नळी काढली. मग विचारलं, तुम्ही कोणाला सांगत होतात, करतो फोन, आत्ता करतो म्हणून?
मशीन नवीन आहे. त्यांना नीट चालवता येत नसणार.

१४ मार्च
ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.
त्या दिवशी दुपारी दोनला दादाचा फोन आला होता. मी ताटावर बसलो होतो. मेसेज टाकला, जेवतोय, नंतर करतो. मग परत वाढून घेतलं. मग डोळा लागला. सहाला वहिनीचा फोन. दादा खुर्चीत बसल्याबसल्या गेला. दोन वाजता त्याच्या छातीत दुखत असणार. दुसऱ्या कशासाठी फोन करणार?
हे हिला सांगितलेलं नाही. अंत्यविधीनंतर वहिनीकडे गेलेलोही नाही. लांब पडतं. बसचे तीन स्टॉप.

१७ मार्च, रविवार
गेलो. ठरवून गेलो की उभ्याउभ्या सांगायचं आणि निघायचं. तिथे काही खायचं नाही.
वहिनीने दार उघडलं. म्हणाली, केवढे सुटलात हो भाऊजी. बसलो. सांगितलं. 
 वहिनी म्हणाली, अहो, त्यांना प्लंबरचा नंबर हवा होता. बाथरूमचा नळ गळत होता. तुमचा मेसेज आला तसा शेजाऱ्यांकडून घेतला. प्लंबर येऊन गेला, त्याच्याशी हे तासभर भांडले, चहा प्यायले, मग बसले ते बसलेच. दुखत वगैरे काही नव्हतं.
मी म्हटलं, नुसता प्लंबरचा नंबर?
ती म्हणाली, हो. आणि मला इतके महिने वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं, म्हणून तुम्ही येत नाही.
 तिने सूप दिलं. तीन बाउल प्यायलो. पातळ होतं.

२० मार्च, सकाळी ९
वजन ९६. तिसरी टेस्ट.
घुमट ठेवला. डोळे मिटले. चौथं मिनिट गेलं. दहावं गेलं. नळीतून हवा जात होती, तिचा तेवढा आवाज. मी अगदी कान देऊन पडलो होतो. कोणी काही विचारलं नाही.
वीस मिनिटं पूर्ण. मुलगी खूश. म्हणाली, काका, काय छान पडलात आज. आकडा नॉर्मल आहे. तुमच्या वयाला, उंचीला, वजनाला जेवढा हवा तेवढाच. मंद बिंद काही नाही.
म्हणजे वाढलंय ते सगळं खाल्लेलंच आहे.
मी विचारलं, अजून पाच मिनिटं पडू का?
ती म्हणाली, गरज नाही काका, रीडिंग आलंय. आणि बाहेर पुढचे पेशंट बसलेत.
उठलो.