गॅरेजच्या भिंतीवरचं बटण

३ मार्च
बटण मेलं! गॅरेजच्या भिंतीवरचं. दाबतोय, दाबतोय — दार ढिम्म. एकुलता एक रिमोट हिच्या पर्समध्ये, ही केव्हाच ऑफिसात. शेवटी मोटरपासून दार सोडवायची दोरी ओढून दार हाताने उचललं. कंबर धरली. ऑफिसला पाऊण तास उशीर, वर साहेबांचं तोंड!
बाबा दारात उभे. "नसलं बटण तर काय अडतं तुझं?" चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ दुरुस्त केले या माणसाने! काही बंद पडलं की जेवण सोडून उठायचे.

४ मार्च
वायरमन आला. नवं बटण बसवलं. तेही ढिम्म. "मोटर गेली असेल," म्हणे. अरे, मोटर रिमोटवर चालतेय — तुझ्या डोळ्यांदेखत! डोकंच फिरलं. हाकलला.
बाबांचं आपलं तेच — "राहू दे ना."

५ मार्च
कंबर दुखते. रागाने जास्त दुखते.

६ मार्च
रजा टाकली. शिडी लावली. बटणाची वायर मोटरला जिथे जोडतात तिथले दोन स्क्रू तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडले — दार सरसर वर! म्हणजे मोटर ठणठणीत, दोष वायरीत. वायर हाताने चाचपत गेलो. फडताळामागे ती चक्क कापलेली! उंदीर? उंदीर टेप लावत नाहीत. दोन्ही टोकांना काळी टेप, आणि टेपचं टोक दुमडलेलं. "पुढच्याला सोडवता आलं पाहिजे" — लहानपणी हे मला कानीकपाळी ओरडून कोणी शिकवलं?
तसाच घरात गेलो. नको नको ते बोललो. "बसल्या बसल्या हे उद्योग सुचतात तुम्हाला?" ही मध्ये पडली म्हणून थांबलो.
वायर जोडली. बटण चालतं. राग तसाच आहे.

७ मार्च
सकाळी बाबा आपण होऊन बोलले. मागच्या गुरुवारी गाडी घेऊन गेले होते. "परत यायचा रस्ताच आठवेना रे. तीन तास फिरत होतो. रिमोट मला कळत नाही, दार उचलवत नाही. म्हटलं, बटणच नको, म्हणजे मला गाडी काढताच येणार नाही. किल्ली तुझ्या हातात दिली असती, तर कारण सांगावं लागलं असतं."
काल काय काय बोललो मी!

८ मार्च
वायर पुन्हा कापली. मीच. बाबांनी शिडी धरली. टेपचं टोक दुमडून ठेवलं.