गोहबाईंची पवनचक्की

६ जानेवारी २०२५, सोमवार
गुडघे गेले. तीस फुटी शिडी, दुपारचं ऊन आणि वर अठरा गंजकी पाती — सगळी जाम! हे लचांड सुनेत्रानं मागे लावलं. इथे सिंगापुरात चोआ चू कांगच्या पुढे गोहबाईंचा मळा आहे, तिथून ही कढीपत्ता आणते. बोलता बोलता सांगून मोकळी — "माझा नवरा जहाजावर चीफ इंजिनियर होता, काहीही दुरुस्त करतो." होता! चार वर्षं झाली रिटायर होऊन. मला विचारलं का कोणी?

आता नाही म्हणवत नाही. फेब्रुवारीअखेर मळ्याची लीज संपतेय, जमीन परत द्यायची. तोवर ही जुनी पवनचक्की फिरली तर सरकारी बागेत नेऊन उभारतील. नाही फिरली तर भंगार. बाई ब्याऐंशी वर्षांच्या. दुसरं काही मागत नाहीत.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. सुनेत्रानं तिळगुळाचा डबा दिला होता. गोहबाई एक लाडू खाऊन म्हणाल्या, "टू हार्ड, लाह!" — आणि दुसरा उचलला. मग शिडीखाली स्टूल टाकून सांगत सुटल्या. चक्की वडिलांनी उभारली, बावन्न साली. तळ्याचं पाणी वर खेचून पालेभाजीला द्यायचं. वर चढून तेल घालायचं काम बाईंचं, कारण भावंडांत वजनाला सगळ्यात हलक्या त्याच! पुढे नळ आला आणि ऐंशी साली चक्की थांबली. रोज तिच्या आवाजावर झोपायच्या म्हणे, नंतर कित्येक महिने झोपच येईना. मी गंज खरवडत ऐकत होतो. हात सोलवटले.

२३ जानेवारी, गुरुवार
पाठ. लिहवत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
फजिती! आस ज्यात फिरतो तो बुश पितळी करून आणला, घट्ट बसवला, वर जहाजावरचं जाड ग्रीस ठासलं. काम कसं चोख! आणि चक्की ढिम्म. वारा होता, केळीची पानं हलत होती, पाती मात्र हलायला तयार नाहीत.

बाई खालून ओरडल्या — "माय फादर यूज वुड!" असा राग आला. अडतीस वर्षं इंजिनं चालवली, आता मला शिकवताय?

घरी येऊन अंघोळ करताना डोक्यात प्रकाश पडला. जहाजावर ताकदीला तोटा नाही, घट्ट बसवा नि चालवा. इथे सिंगापुरात वारा केवढा? जिना चढून दमलेल्या म्हाताऱ्याएवढा. त्याला सैल लाकडाचं बेअरिंगच हवं आणि पातळ तेल. चूक सरळ सरळ माझी. उद्या जाऊन कबूल करायचं — त्याचाच जास्त कंटाळा आलाय.

५ फेब्रुवारी, बुधवार
बाईंनी मांस तोडायचा जुना ठोकळा काढून दिला. लाकूड कसलं, लोखंडच. त्यातून बेअरिंगं कापली आणि शेंगदाण्याच्या तेलात दोन तास उकळली. "माझी कढई!" — सुनेत्रा. मी म्हटलं, काहीही दुरुस्त करतो ना तुझा नवरा?

१० फेब्रुवारी, सोमवार
फिरली!! आधी कुरकुरली, अर्धा फेरा घेतला, थांबली. माझा जीव टांगणीला. मग सुटली ती फिरतच राहिली. वीस मिनिटांनी पाइपातून गढूळ पाणी आलं. बाईंनी ते ओंजळीत धरलं, डोळे मिटून नुसता आवाज ऐकत उभ्या राहिल्या. मी चष्मा पुसत बसलो. लाज वगैरे वाटली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
सरकारी बागखात्याची मुलगी येऊन गेली. फोटो, व्हिडिओ, "सो नाइस, अंकल!" चक्की घेणार म्हणाली. फक्त बागेत मुलं खेळतात, म्हणून चाक वेल्ड करून कायमचं पक्कं करायचं. वेल्डिंग तुम्हीच कराल का?

हो म्हटलं. वाद घालायला त्राण कुठे उरलंय? भंगारातून वाचली, पुष्कळ झालं. बाईंनी सही करायचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
बाईंनी सही केली नाही. म्हणाल्या, "उभीच ठेवायची तर पंचेचाळीस वर्षं उभी होतीच की, चीफ. तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" आधी संताप आला — माझे सात आठवडे! मग पटलं. उद्या दहाला भंगारवाला येतोय. निघताना ब्रेक लावायला गेलो, तर बाईंनी माझा हात धरला. चक्की फिरती ठेवून घरी आलो.