मशीन विकायची नाही, बाबा

प्रिय बाबा,

आज मिलिंदला तोंडावर सांगितलं, वर्कशॉपमधली लेथ मशीन विकायची नाही. भावाशी भांडलेय, ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं. म्हणून लिहितेय.

कंपनीतली नोकरी सुटल्यावर तुम्ही आपल्या मोहने गावातच वर्कशॉपसाठी छोटा गाळा घेतलात. शाळा सुटली की मी तिथेच असायचे. माप कसं घ्यायचं, लोखंड कसं कापायचं, सगळं तुम्हीच शिकवलंत. मिलिंदच्या आधी मला जमलं, तेव्हा अख्ख्या चाळीत सांगत फिरलेलात!

मग गिऱ्हाईक आलं की "सुजा, चहा टाक गं" का म्हणायचात? माझं काम मिलिंदचं म्हणून का दाखवायचात? एकदा विचारलं, तर म्हणालात, "बाईने केलंय कळलं तर गिऱ्हाईक जाईल." आणि आयटीआयचा फॉर्म? मिलिंदचा टर्नरचा भरलात, लेथच्या कामाचा; माझा शिवणकामाचा. मी किती रडलेले, तुम्हाला माहीत तरी होतं का?

मिलिंदने केव्हाच ऑफिसची नोकरी धरलेली. तुम्ही गेल्यावर महिनाभर शटर बंद होतं. मग मीच उघडलं.

गेल्या आठवड्यात शीळफाट्याचे पाटीलशेठ पंपाचा शाफ्ट करून घ्यायला आले. आत डोकावले.

"कारागीर कुठंय?"

"मीच."

"मस्करी नको, ताई. अर्जंट आहे."

"मग थांबा आणि बघा."

ते थांबले. माप तीनदा घेतलं बाबा, खोटं कशाला सांगू? पण मशीन सुरू झाली आणि हात आपसूक चालायला लागले. शेठनी शाफ्टवर बेअरिंग घालून पाहिलं. बरोब्बर बसलं! पैसे मोजले आणि निघाले. आज आणखी तीन शाफ्टचं काम पाठवलं.

संध्याकाळी मशीन विकायचा विषय काढून मिलिंद म्हणाला, "भाऊ ऑफिसात आणि बहीण ग्रीसमध्ये? लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "म्हणू देत. ग्रीस साबणाने जातं."

राग आहे अजून तुमच्यावर. पण माप जरा चुकलं की तुमचाच आवाज ऐकू येतो, "पुन्हा मोज." तेव्हा रडू येतं, काय करू?

शेजारची प्रज्ञा सोमवारपासून काम शिकायला येतेय. तुम्हाला शब्द देते, हे कोणी केलं असं गिऱ्हाईकाने विचारलं, तर मी तिच्याकडे बोट दाखवीन. जाईल त्याला जाऊ दे!

तुमची मुलगी,
सुजाता, टर्नर